मान पूर्ण, मुखत्यारी शून्य

महाराष्ट्रातील, महाराष्ट्राबाहेरील आणि समुद्रसपाटीखालील समस्त मराठी जनांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, दोन हजार सहा-सातच्या सुमारास नेदरलँड्सच्या राणीसाहेबांच्या अधिकारांवर करडी नजर ठेवण्याचं काम आल्मेरे गावच्या एका मराठी बाईंनी आपल्याकडे घेतलं होतं. हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. त्याला पगार नव्हता. राणीसाहेबांना याची कल्पना नव्हती, आणि असती तरी बाईंच्याच म्हणण्याप्रमाणे त्यावर स्वतःचं मत देण्याची त्यांना मुभा नव्हती. जनतेने उभं राहून ऐकावी अशी ही हकीकत आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी बसावं.

समुद्रसपाटीखालील हा शब्द मी उगाच नाही वापरला. आल्मेरे हे गाव समुद्र मागे ढकलून काढलेल्या जमिनीवर वसलंय. तिथे मोठं घर स्वस्तात मिळायचं, म्हणून अ‍ॅमस्टरडॅमला नोकरी करणारी आमच्यासारखी पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मंडळी तिथे राहायची आणि रोज सकाळी ट्रेनमध्ये डुलक्या काढत कामावर जायची. माझ्या शेजारी डुलक्या काढणारा श्रीधर. शैलाताई त्याची बायको.

पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा दार त्यांनीच उघडलं. मी रीतीप्रमाणे म्हणालो, "नमस्कार वहिनी."

"वहिनी नको," त्या म्हणाल्या. "वहिनी म्हटलं की मी कोणाची तरी कोणीतरी होते. तेवढा शिक्का माझ्या व्हिसावर मारलाय या लोकांनी. डिपेंडंट. तुम्ही ताई म्हणा."

"बरं, शैलाताई."

"वीसपैकी पंधरा. चपला बाहेर."

या विसाचं कारण असं, की शैलाताईंनी साताऱ्याकडच्या एका शाळेत वर्षानुवर्षं नागरिकशास्त्र शिकवलं होतं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या ताटातली कोशिंबीर. लढाया, किल्ले, तलवारी आणि ढीगभर मार्क इतिहासाला. ग्रामपंचायत आणि वीस मार्क नागरिकशास्त्राला. पोरं ते परीक्षेच्या दिवशी रिक्षात वाचायची. हा अन्याय बाईंनी मनात जपून ठेवला होता आणि सूड म्हणून त्या साऱ्या जगाला विसातच मार्क द्यायच्या. ट्रेन उशिरा आली, वीसपैकी सात. डच माणसाचं दुपारचं जेवण, म्हणजे पावाच्या दोन तुकड्यांमध्ये चीजची एक चकती, वीसपैकी दोन, "आणि तेही पावाला." श्रीधर कधी अठराच्या वर गेला नाही. "नवऱ्याला पूर्ण मार्क दिले की तो अभ्यास सोडतो," असं त्याचं कारण त्या त्याच्यासमोरच सांगायच्या, आणि श्रीधर अठरावाल्या विद्यार्थ्यासारखा खूश दिसायचा.

बुटक्या बांध्याच्या, खड्या आवाजाच्या. साडीवर पोटरीपर्यंत येणारा काळा कोट आणि हातात लांब दांड्याची छत्री. ही छत्री नेदरलँड्समध्ये एकदाही उघडली गेली नसावी, कारण तिथला वारा छत्री उघडणाऱ्याला शेजारच्या देशात नेऊन सोडतो. छत्री दाखवण्यासाठी होती. फळ्यावर छडी फिरवावी तशी ती इमारतींवर, पुतळ्यांवर आणि प्रसंगी माणसांवर फिरायची. आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कोणताही नियम समोर आला की छत्री जमिनीवर एकदा आपटून त्या विचारायच्या, "हुकूम कोणाचा?"

एकदा त्यांची सायकल स्टेशनापाशी नको तिथे लावली म्हणून उचलून नेली. ती सोडवायला त्या खेमेन्तेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, निघाल्या. माझी डच भाषा त्यांच्यापेक्षा बरी आहे अशा गैरसमजाने मी बरोबर गेलो. खिडकीतला तरुण म्हणाला, "तिथे सायकल लावायची नाही असा नियम आहे."

छत्री आपटली. "हुकूम कोणाचा, विचारा त्याला."

मी कसंबसं विचारलं. आपल्याकडे या प्रश्नाला 'वरून आलाय' असं उत्तर मिळतं, आणि वर नुसता पंखा फिरत असतो. या पोराने मात्र चष्मा काढला. असा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता. त्याने शेजारणीला विचारलं, शेजारणीने तिच्या साहेबांना, आणि तिघं मिळून हरवलेलं मांजर शोधावं तशा उत्साहाने नियमाचा बाप शोधायला लागले. शेवटी तो विजयी चेहऱ्याने परत आला. हुकूम नगर परिषदेचा. परिषदेची सभा गुरुवारी संध्याकाळी. कोणीही येऊन बसावं. कॉफी फुकट.

"कोणीही?" शैलाताईंनी स्वतःच विचारलं.

"कोणीही," पोरगा म्हणाला.

त्या तशाच उठून निघाल्या. सायकल मी आणली.

तेव्हापासून दर गुरुवारी परिषदेच्या सभागृहात प्रेक्षकांच्या बाकावर दोन माणसं असायची. एक झोपलेले आजोबा आणि एक काळ्या कोटातल्या शैलाताई. गटारं, सायकलतळ, बदकांसाठी पूल, सगळे वाद त्यांनी ऐकले. डच भाषा त्या तिथेच शिकल्या, आणि त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. तिथे बोलायला उठलेला प्रत्येक सभासद आधी 'फोरझितर' म्हणतो, म्हणजे 'अध्यक्ष महाराज'. शैलाताईंना वाटलं, डच वाक्याची सुरुवात अशीच करायची असते. नंतर खरं काय ते कळलं, पण तोवर सवय जडली होती आणि आवडलीही होती. बाजारातल्या मोरोक्कन भाजीवाल्यासमोर उभ्या राहून त्या खणखणीत आवाजात म्हणायच्या, "अध्यक्ष महाराज, मी अर्धा किलो फरसबीच्या बाजूने आहे." तो पहिल्यांदा दचकला. मग त्या आल्या की छाती काढून उभा राहायला लागला आणि मूठभर फरसबी वरून घालायला लागला.

हे सगळं गमतीचं, पण एकदा ट्रेनमध्ये त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "भाऊ, समोर वर्ग असल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही. इथे सूर्य आधीच कमी, त्यात वर्ग नाही." त्या वाक्याला त्यांनी मार्क दिले नाहीत.

मग वर्ग त्यांनी स्वतःच जमवला. आमच्या मंडळींचे आई-बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर यायचे. मुलगा कामावर, सून कामावर, टीव्ही डचमधून, नातवंडं मराठी समजून उत्तर मात्र इंग्रजीतून देणारी. बिचारे खिडकीत बसून समोरच्या कालव्यातली बदकं मोजायचे. दर शनिवारी शैलाताई या सगळ्यांना गोळा करून ट्रेनने हेगला न्यायच्या. ट्यूलिप दाखवायला नाही. "ट्यूलिप कोणीही दाखवेल," त्या म्हणायच्या. "मी तुम्हाला राजाला दावं कसं लावलं ते दाखवते."

हेगला संसदेच्या जुन्या आवारात एक मोठा दरबारी दिवाणखाना आहे. छत असं, की उलटं करून ठेवलेलं लाकडी जहाजच. एका टोकाला सिंहासन. तिथल्या रीतसर गाईडची डच टूर पुढे सरकली की मागे आमची मराठी टूर सुरू व्हायची.

"मंडळी, दर सप्टेंबरात राणी सोन्याच्या बग्गीतून इथे येते आणि या सिंहासनावर बसून देशाचं वर्षभराचं धोरण वाचून दाखवते. ते भाषण कोण लिहितं?"

"राणीच की," एखादे नाना म्हणायचे.

"शून्य. मंत्री लिहितात. त्यातला एक स्वल्पविरामसुद्धा राणीचा नाही."

"एवढ्या मोठ्या राणीला मनातलं बोलता येत नाही?"

"मनातलं बोलायचं तर निवडून यावं, नाना. शेकडो वर्षं राजे आणि संसद याच एका प्रश्नावर भांडले. हुकूम कोणाचा? कुठे राजाचं मुंडकं उडालं, कुठे संसदेला कुलूप लागलं. यांनी दोघांना ठेवलं. राजाला मान पूर्ण, मुखत्यारी शून्य. काही चुकलं तर मंत्र्याने जाब द्यायचा, राजाला कोणी बोलायचं नाही. का? ज्याने काही केलंच नाही तो चुकेल कसा?"

घरी सुनेने आपल्याला नक्की काय करून ठेवलंय, याचा विचार बहुतेकांच्या चेहऱ्यावर दिसायचा.

आणि इथेच माईंचा प्रवेश होतो. कृपया टाळ्या.

माई म्हणजे श्रीधरच्या आई. दोन हजार सातच्या वसंतात त्या आल्या, त्या निरंकुश सम्राज्ञीच्या थाटात. पहिल्याच दिवशी त्यांनी फ्रिज उघडून लीक नावाची ती जाडजूड डच पात बाहेर काढली आणि "हे कसलं मेलं खुरपं" असं म्हणून हद्दपार केली. मग ओट्यावरचा मिठाचा डबा स्वतःच्या बाजूला ओढला. मिठाचा डबा ज्याच्या हाताशी, घरात राज्य त्याचं. आठ दिवस श्रीधरच्या घरात माईंच्या हुकमाशिवाय फोडणी पडली नाही. शैलाताई गप्प होत्या. त्यांचं गप्प राहणं मला बघवेना.

नवव्या-दहाव्या दिवशी जेवायला गेलो तर चित्र पालटलेलं. खिडकीपाशी घरातली सगळ्यात चांगली खुर्ची, तिच्यावर शाल, शालीवर माई. ताटं मांडली आणि शैलाताई अदबीने म्हणाल्या, "माई, आज काय ते तुम्ही सांगा." मग कानाशी लागून काहीतरी कुजबुजल्या. माईंनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, "आज पिठलं, भाकरी आणि लीकची परतून भाजी."

लीक! स्वतः हद्दपार केलेल्या शत्रूला परत बोलावताना माईंच्या चेहऱ्यावर काय तेज होतं म्हणता. मी पाणी घ्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. मिठाचा डबा जागेवर आला होता.

"मान पूर्ण," शैलाताई परात पुसत म्हणाल्या.

"मुखत्यारी शून्य," मी म्हणालो.

"वीसपैकी एकोणीस. हळू बोला."

पुढच्या शनिवारी टूरमध्ये माईही होत्या. मी आणि श्रीधरही गेलो, कारण हा सामना बघायला मी तिकीट काढलं असतं. दिवाणखान्यात पाऊल टाकलं, सिंहासन दिसलं आणि माई थांबल्या. त्यांनी पायातले नवे, पांढरे, सुनेने घेऊन दिलेले स्पोर्ट शूज काढले. मोजेही काढले. गादी समोर आहे म्हटल्यावर पायात काही ठेवून उभं राहणार कसं? त्यांचं बघून सगळ्या आज्यांनी शूज काढले, मग नानांनी. राजघराण्याच्या सिंहासनासमोर पंधरा-वीस बुटांची ओली रांग लागली आणि अनवाणी मराठी समाज हात जोडून उभा राहिला.

पहारेकरी धावत आला. तिथे लोक बूट काढून जमले की ते उपोषण नाहीतर निदर्शन, अशी त्याची समजूत असावी. त्याच्यामागोमाग एक उंच, सरळसोट, पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. तिथल्या गाईडांच्या त्या प्रमुख. आम्ही पुढे त्यांना नुसतं मेफ्राउ म्हणायचो, म्हणजे बाईसाहेब.

"हे कसलं आंदोलन आहे?" मेफ्राउंनी विचारलं.

शैलाताई पुढे झाल्या. छत्री खाली. "फोरझितर," त्या डचमधून म्हणाल्या, "हे आंदोलन नाही, हा आदर आहे. आमच्याकडे गादीला नमस्कार करतात, गादीवर कोणी नसलं तरी. खरं तर, कोणी नसलं म्हणजे जास्त मनापासून करतात."

मेफ्राउ हसल्या नाहीत. पण त्यांनी त्या बुटांकडे पाहिलं, शैलाताईंकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

"शैला. नागरिकशास्त्राची शिक्षिका."

"डच कुठे शिकलात? संसदेत?"

"आल्मेरेच्या नगर परिषदेत. प्रेक्षकांच्या बाकावर."

तिथेच, सिंहासनाच्या पायरीशी, मेफ्राउंनी सांगितलं की एका गाईडची जागा रिकामी आहे. एक टूर चाचणी म्हणून द्यायची, मग ठरवू. शैलाताई फक्त 'येते' म्हणाल्या. मग पाठ फिरवून छताकडे बघत उभ्या राहिल्या, बराच वेळ. आम्ही त्यांना तसंच राहू दिलं.

परतीच्या ट्रेनमध्ये लायडन स्टेशन गेल्यावर माई सुनेकडे वळल्या.

"शैला."

"काय माई?"

"म्हणजे घरात मी वाचते आणि तू लिहितेस. होय ना गं?"

श्रीधरने डोळे मिटले. मी खिडकीतून गायी बघायला लागलो. शैलाताईंचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा नापास झालेल्या मुलीसारखा झाला.

"माई, तसं नाही..."

"तसंच आहे. मला खुर्ची चांगली दिलीस, शाल दिलीस. चालेल मला. हवंय कोणाला ते कांदे चिरणं. पण एक अट. मी प्रश्न विचारणार. वाट्टेल तेव्हा, वाट्टेल तो. आणि तू उभी राहून उत्तर द्यायचंस. खरं."

शैलाताई चालत्या ट्रेनमध्ये उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मंजूर." आणि बसताना पुटपुटल्या, "वीसपैकी वीस." हे मार्क मी त्यांच्या तोंडून त्यापूर्वी ऐकले नव्हते.

चाचणीच्या तयारीत मात्र घोळ झाला. मेफ्राउंनी टाईप केलेला मजकूर दिला. टूरमध्ये बोलायचं ते एवढंच. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. पूर्वी प्रत्येक गाईड आपापल्या पदरचा राजा सांगायला लागला होता म्हणे, तेव्हापासूनचा हा दंडक. मी गेलो तेव्हा शैलाताई तो कागद हातात धरून खोलीभर फिरत होत्या आणि श्रीधर सोफ्यावर हसून हसून आडवा झाला होता.

"घ्या बाई! तुमचीच राणी झाली," तो म्हणाला. "दुसऱ्याने लिहिलेलं वाचा आता. मान पूर्ण!"

"हसू नकोस. हे बघा भाऊ, काय लिहिलंय. 'तेव्हाचे राजे एका रात्रीत पुराणमतवादी होते ते उदारमतवादी झाले आणि त्यांनी नव्या राज्यघटनेला संमती दिली. हा त्यांच्या शहाणपणाचा पुरावा होय.' एका रात्रीत! माझा नवरा एका रात्रीत टूथब्रश बदलत नाही."

"मग खरं काय झालं त्या रात्री?" मी विचारलं.

"मला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. पण ते सांगायची मुखत्यारी मला नाही."

"मग नाही म्हणून कळवा."

त्या खाली बसल्या. कागदाची घडी घातली, परत उलगडली. "नाही कशी म्हणू? आज इतकी वर्षं मी लोकांना सांगतेय की राणीने लिहून दिलेलं वाचावं, यातच लोकांचा विजय आहे. माझी पाळी आल्यावर मी माझंच बोलणार? मग मी आणि तो संसदेला कुलूप लावणारा राजा, फरक काय?" थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाल्या, "आणि मला ती जागा हवी आहे, भाऊ. कोटावर माझ्या नावाची पट्टी आणि समोर वर्ग. मी वाचेन."

चाचणी ठेवली होती एका मंगळवारी सकाळी. ग्रोनिंगनकडून आलेली निवृत्त माणसांची एक डच सहल होती. मफलर, थर्मास आणि सारखं डोकं हलवण्याची सवय. त्यांच्यात आम्ही तिकीट काढून घुसलो: मी, रजा काढलेला श्रीधर आणि माई. या वेळी माईंनी शूज काढले तरी पहारेकरी जागचा हलला नाही. उलट ते उचलून भिंतीशी नीट लावून ठेवले. मेफ्राउ मागे उभ्या, हातात मजकुराची प्रत, बोटांत पेन्सिल. शैलाताई एक वाक्य बोलल्या की पेन्सिलची एक खूण.

आणि शैलाताईंनी काय वाचलं म्हणता! वाचलं म्हणजे पाठ म्हटलं, पण एका शब्दाचाही फेरफार नाही. छताच्या तुळयांवर कोरलेली मोठ्या कानांची लाकडी मुंडकी दाखवली, खाली खोटं बोलणाऱ्यांना वचक बसावा म्हणून बसवलेली. बग्गी आली, सिंहासन आलं. श्रीधर माईंच्या कानात मराठी करून सांगत होता. राजाची ती रात्र आली. "हा त्यांच्या शहाणपणाचा पुरावा होय." पेन्सिलची खूण झाली. शैलाताईंचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला. जिभेवर एवढं सारं असून ती आवरण्याचं काम आपल्याकडे थोर थोर लोकांना जमलेलं नाही.

मजकुराचं शेवटचं वाक्य होतं, "कोणाला काही प्रश्न आहे का?"

मेफ्राउंनी शेवटची खूण केली. आणि गर्दीतून एक सुरकुतलेला हात वर गेला. बांगड्या वाजल्या.

"मला आहे," माई मराठीत म्हणाल्या. "राजाला त्या रात्री झालं काय? सगळं सोडून दिलं म्हणतेस एका रात्रीत, ते का सोडलं? खरं सांग."

शैलाताईंनी आधी प्रश्नाचं डचमध्ये भाषांतर केलं, सहलीसाठी. पाहुण्यांनी डोकी हलवली. त्यांनाही हा प्रश्न आवडलेला दिसला. मग शैलाताईंनी मेफ्राउंकडे पाहिलं. कागद संपला होता. त्याखाली नुसती पांढरी जागा होती. समोर सासूला दिलेला शब्द होता आणि मागे नोकरी.

"फोरझितर," त्या म्हणाल्या, "उत्तर देण्याची परवानगी आहे?"

मेफ्राउ क्षणभर गोंधळल्या. त्यांना एवढ्या वर्षांत कोणी अध्यक्ष महाराज म्हणून परवानगी मागितली नसणार. त्यांनी मान हलवली.

"तुमच्या राजाबद्दल कागदावर आहे तेवढंच मी बोलेन," शैलाताई म्हणाल्या. "पण माझ्या राजाबद्दल बोलते. कृष्णा नदीच्या काठी आमचं एक छोटं संस्थान होतं. एवढं छोटं, की सकाळी चालायला निघालं तर जेवायला दुसऱ्या राज्यात. लोकांनी हक्क मागितले, तेव्हा राजाने एक कायदेमंडळ दिलं. माझे आजोबा त्यात निवडून आले. पण राजा स्वतः मंडळात येऊन बसायचा, पुढ्यात पानाचा डबा घेऊन. एखादा सभासद टोचेल असं बोलला की राजा डब्याचं झाकण खटकन लावायचा. झाकण लागलं की सभा संपली. तेव्हा आजोबा उठून म्हणाले, महाराजांच्या शेजारी आम्ही बसतो हा गादीचा अपमान आहे. महाराजांचं आसन वरच्या मजल्यावर, फुलांनी सजवून मांडावं, आणि इथे ठरेल ते वर नेऊन त्यावर सही घ्यावी."

श्रीधर माईंना सांगायचा थांबला होता. त्याला ही गोष्ट माहीत नसावी.

"राजा हसला. म्हणाला, तात्या, मला मखरात बसवताय होय? मखर म्हणजे देवाला बसवतात ते. सगळ्यांना वाटलं, आता झाकण लागणार, आणि आजोबा तुरुंगात. लोक वाड्यासमोर येऊन बसले. घोषणा नाहीत, दगड नाहीत. रात्रभर नुसते बसून राहिले. सकाळी राजाने सही केली. मग दरबारात भाट राजाच्या उदारपणाची कवनं गायला लागला, तर राजाने त्याला थांबवलं. भर दरबारात म्हणाला, 'उदार-बिदार काही नाही रे. रात्रभर मी सज्जाच्या पडद्याआडून त्यांच्याकडे बघत होतो. ओरडले असते तर शिपाई पाठवले असते. गप्प बसले, म्हणून भ्यालो.' माझे आजोबा सांगायचे, आमच्या संस्थानात दोन शूर गोष्टी झाल्या. लोक गप्प बसून राहिले, आणि राजा भ्यालो म्हणाला. माई, हे माझं उत्तर."

ग्रोनिंगनच्या एका बाईंनी थर्मास छातीशी धरला होता. छत्री जमिनीला टेकवून, साडीचा पदर कोटातून बाहेर आलेला, शैलाताई सिंहासनासमोर सरळ उभ्या होत्या. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि कदाचित नोकरीही गेली होती. माझ्या डोळ्यांपुढे त्या कायमच्या राहिल्या त्या अशाच. त्याच महिन्यात मी पुण्याला परतलो, आणि नावाची पट्टी आली हे मला श्रीधरने फोनवर सांगितलं. पण माझ्यापुरती ती त्याच क्षणी लागली, जेव्हा कागदाबाहेर एक शब्द बोलायचा नाही हा दंडक स्वतः घालणाऱ्या, राजाच्या शहाणपणाचं ते वाक्य वर्षानुवर्षं शिकवत आलेल्या मेफ्राउंच्या हातून पेन्सिल खाली पडली आणि त्या सगळ्यांच्या देखत मोठ्याने ओरडल्या:

"आमचासुद्धा! आमचासुद्धा भ्यालाच होता!"